धानाच्या कोठीवरचा स्पीकर

आमच्या घरात स्पीकर पहिल्यांदा बसवला तेव्हा त्याने स्वतःच आपली जागा धरली. मी त्याला दोन्ही हातांनी धरून धानाच्या पत्र्याच्या कोठीवर अलगद आडवा करत होतो, आणि बोटभर अंतर उरलं असताना तो माझ्या हातातून निसटून 'खट्' करून झाकणाला चिकटला. मी टाळी वाजवली. आईला हाक मारली. म्हटलं, बघ, जागा त्यालाही आवडली.

आई सुपातले तांदूळ पाखडत होती. वर न बघताच म्हणाली, "त्याले आवडली, पण मले धान काढाचं असलं त मी काय त्याची परवानगी घेऊ?"

धान कोठीच्या खालच्या तोंडातून निघतं, वरचं झाकण वर्षातून एकदाच, नवं धान भरताना उघडतं, हे आईला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण बोलायची संधी तिने आजवर कधी सोडलेली नाही. माझ्यात जे थोडंफार नाटक आहे ते तिच्याकडूनच आलं आहे. बाबा मात्र समजतात की ते त्यांच्याकडून आलं.

हा छंद मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागला. लोक या वयात गुडघ्याला तेल लावतात, मी जुने कॅसेट डेक उघडून त्यांना तेल लावू लागलो. लाखनीला हायवेच्या कडेला एक दुरुस्तीवाला बसतो. ट्रक गेला की त्याच्या टेबलावरचे सगळे स्क्रू एका दिशेने सरकतात, आणि उलट बाजूने ट्रक आला की पुन्हा जागेवर येतात, असं तो शपथेवर सांगतो. त्याच्याकडून मी एक डेक घेतला, एक अँप्लिफायर घेतला, आणि धंदा बंद केलेल्या एका मंडपवाल्याचा स्पीकर उचलून आणला. स्पीकर म्हणजे लाकडाची पेटी. पुढे जाळी, आत ताटाएवढा काळा कागदी कोन, आणि मागची फळी गायब. त्यामुळे त्याचं चुंबक उघडंच होतं, पेटीच्या कडांच्या किंचित बाहेर आलेलं, भल्या मोठ्या लोखंडी पेढ्यासारखं.

दुरुस्तीवाल्याने मला स्पीकर देताना मुंज लावल्यासारखा उपदेश केला होता.

"ऐका जी. डेक अना स्पीकर एका फळीवर नाही ठेवाचे. स्पीकर हालते, मंग डेक हालते, मंग गाणं थरथरते. दुसरं, स्पीकर एकदम कोपऱ्यात नाही कोंबाचा, नुसता घुमते. अना तिसरं, कॅसेटी त्याच्या बाजूले चुकून बी नाही. चुंबक कॅसेट खाते. पुसून टाकते."

मी तिन्ही नियम पाळले. खरंच पाळले. डेक भिंतीतल्या फळीवर ठेवला. स्पीकर कोपऱ्यापासून हातभर पुढे असलेल्या कोठीवर. माझ्या सगळ्या कॅसेटी पलीकडच्या खोलीत, आईच्या लुगड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. तोंडाने नियम म्हणत म्हणत मी हे केलं, पूजा मांडावी तसं.

आणि कोठीची निवड तर माझी प्रतिभा होती. रिकाम्या कोठीवर स्पीकर ठेवला तर पत्रा झणझणतो, दात शिवशिवतात. पण नवं धान नुकतंच भरलं होतं, आणि गळ्यापर्यंत भरलेली कोठी म्हणजे दगडाचा चौथरा. मी स्पीकर उताणा ठेवला, तोंड छताकडे. आवाज वर कौलांना लागायचा, आणि कौलांतून गाळून, मऊ होऊन खाली यायचा. हिवाळ्याच्या दुपारी, सगळी धानकापणी उरकलेली, अंगणात पेंढ्यांच्या ढिगाला ऊन लागलेलं, आणि घरात वरून गाणं उतरतंय. खाटेवर पडून ऐकताना मला वाटायचं, हे गाणं कुणी लावलेलं नाही, ते या घरात आधीपासूनच होतं, धुरासारखं कौलांत साचलेलं, आणि आता हळूहळू सुटतंय.

बाबा रोज दुपारी येऊन कोठीला पाठ टेकून बसायचे. डोळे मिटायचे. कधीकधी मान मागे नेऊन पत्र्यावर डोकं टेकवायचे. मला वाटायचं, माझ्या छंदाला पहिला रसिक मिळाला.

आता बाबांचं एक दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आमच्या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, गावोगाव नाटकं होतात. तरुणपणी बाबा त्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. पडद्याआड पुस्तक धरून बसायचं आणि नटाला पुढचं वाक्य पुरवायचं. चेहऱ्याला रंग नाही, गळ्यात हार नाही, लोकांना दिसायचं नाही. आणि त्यांच्या मंडळाचे नायक होते माझे मामा. आईचे थोरले भाऊ, दिघोरीचे. उंच, कुरळ्या केसांचे, स्टेजवर नुसते येऊन उभे राहिले तरी बाया पदर सावरायच्या, असं मामा स्वतः सांगतात.

बाबांचं म्हणणं असं, की एका मंडईत मामा ऐन शेवटच्या प्रवेशात सगळं भाषण विसरले. एक शब्द आठवेना. तेव्हा बाबांनी पडद्याआडून ते अख्खं भाषण, पूर्ण आवाजात, पूर्ण भावनेत म्हटलं. मामांनी फक्त तोंड हलवलं. आणि मग जी टाळी पडली, ती चाळीस वर्षं झाली तरी बाबांच्या कानातून गेलेली नाही. ती टाळी आपली होती, एवढंच त्यांचं म्हणणं.

मामांचं म्हणणं असं, की हे सगळं साफ खोटं आहे. भाषण आपणच केलं. प्रॉम्प्टरने नेहमीसारखं आपलं काम केलं असेल, त्यात काय मोठं.

आईला विचारावं तर ती म्हणते, "मी त्या राती झोपली होती." पहिल्या रांगेत बसून झोपली होती, असंही सांगते. नवरा आणि भाऊ यांच्यामध्ये इतकी वर्षं झोपून राहणं सोपं नाही.

या भांडणाचा एकच साक्षीदार होता. गावातल्या एका हौशी माणसाने तेव्हा ते नाटक टेप केलं होतं. विजेचा प्लग लावायची सोय फक्त प्रॉम्प्टरच्या कोपऱ्यात होती, म्हणून टेपरेकॉर्डर बाबांच्या मांडीजवळच ठेवला होता. ती एकुलती एक कॅसेट बाबांकडे आली. पण आमचा टेपरेकॉर्डर कधीच मोडला होता. त्यामुळे बाबा वर्षानुवर्षं नुसती धमकी देत आले, "कॅसेट आहे म्हटलं माझ्यापाशी!" आणि मामा हसत आले, "लावा ना मंग, लावा!"

आता घरात डेक आला. मशीन नीट चालते याची दीड महिना खात्री करून घेतल्यावर बाबांनी ही बातमी मामांना फोनवर दिली. फोन कानापासून वीतभर लांब धरून, दिघोरीपर्यंत फोनशिवायच पोचेल अशा आवाजात.

"सालेसाहेब, मशीन आली जी! आता या."

"येतो ना भाऊजी, काहून नाही? या रविवारीच येतो. माझा जवानीचा आवाज मी बी आयकतो."

"आयका, आयका. अना माझा बी आयका."

फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ दारात उभे राहिले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे.  मला एकदम जाणवलं की हे भांडण गंमतीचं उरलेलं नाही. मामांची छाती मागच्या वर्षी दोनदा दुखली होती. दोघांपैकी कुणी एक आधी गेला, तर दुसऱ्याचं म्हणणं कायमचं खरं किंवा कायमचं खोटं ठरणार होतं. बाबांना टाळी हवी होती ती मामा समोर असतानाच.

रविवारी सकाळी मी डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारं तोंड, स्पिरिटने पुसलं, अत्तर लावावं तसं. मग नाट्यमय आवाजात म्हणालो, "बाबा, साक्षीदारास हजर करा!"

बाबा गालात हसले. "साक्षीदार हजरच हाय. तू रोज त्याच्या डोक्यावर गाणे वाजवून राहिला."

"म्हणजे?"

त्यांनी बोट केलं. कोठीकडे.

आमच्या घरात जे जपायचं ते धानात जातं. धान ओल शोषून घेतं, पत्र्याला उंदीर कुरतडत नाही. जमिनीचे कागद, माझं दहावीचं प्रमाणपत्र, आईची नथ, सगळं कधी ना कधी त्या कोठीत राहून आलं आहे. कॅसेटला ओल चालत नाही असं कुणीतरी सांगितल्यावर बाबांनी तिला फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, आणि धानासोबत खाली सरकू नये म्हणून वरच्या झाकणाच्याच आतल्या कडीला सुतळीने बांधून टाकलं. झाकणाला, आतून, अगदी चिकटून. म्हणजे माझ्या उताण्या स्पीकरचं उघडं चुंबक पत्र्याच्या या बाजूला आणि बाबांची टाळी त्या बाजूला. मध्ये पत्रा तेवढा.

"अना मले त बरंच वाटलं," बाबा सांगत होते, "तू वरतं एवढं वजन ठेवलं त म्हटलं, आता झाकण कोणी उघडतच नाही."

मी हसलो. कसा हसलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. म्हणालो, "छान केलं." आणि अंगणाच्या पार टोकाला, पेंढ्यांमागे जाऊन दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"किती दिवस होती चुंबकाखाली?" त्याने विचारलं.

"दीड महिना."

पलीकडून एक ट्रक गेला. मग तो म्हणाला, "मंदात पत्रा होता ना? पत्रा चुंबकाचा जोर थोडा खाते. होईल त अख्खी नसल पुसली. आतल्या टेपाच्या चकतीचा जेवढा भाग चुंबकाच्या तोंडाशी होता तेवढाच गेला असल. लावून पाहा. अना जी, स्पीकर आधी हालवा तिथून!"

मागे वळलो तर आई उभी होती, हातात गोवऱ्यांची टोपली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बापाची टाळी खाल्ली का रे बाप्पा तू?"

"मी नाही, चुंबकाने."

"चुंबक लाखनीवरून चालत आलं होतं का?" मग टोपली खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "आताच नको सांगू त्याहिले. लावून त पाहू. बाकी मंग मी झोपतो."

आम्ही दोघांनी मिळून स्पीकर ओढला. झाकण सोडेना. शेवटी आईने कडेला उलथणं घातलं तेव्हा तो सुटला. मी त्याला दाराजवळ तिवईवर उभा केला, पाठ अंगणाकडे, डेकपासून चांगला आठ-दहा हात. मग झाकण उघडलं. धानाचा उबदार, किंचित गोड वास वर आला. आत ती पुरचुंडी लटकत होती, वटवाघळासारखी. बाबांनी गाठ स्वतः सोडली. मला हात लावू दिला नाही.

मामा दुपारी आले. पांढरा सदरा, केस अजून कुरळे, नुसते विरळ झालेले. आल्या आल्या आईला म्हणाले, "बाई, आज तुह्या नवऱ्याचा निकाल हाय." आई चहा टाकायला गेली. बाबा आपल्या नेहमीच्या जागी, कोठीला टेकून बसले. मामा खाटेवर. दोघांनीही एकमेकांकडे न बघता स्पीकरकडे बघायला सुरुवात केली, जणू तिथे पडदा आहे आणि तो वर जाणार आहे.

मी कॅसेट घातली. बटन दाबलं.

आधी खरखर. मग लांबून हार्मोनियम. मग हार्मोनियम नाही. मग पुन्हा हार्मोनियम.

आवाज येत होता आणि बुडत होता. दर दोन-तीन सेकंदांनी कुणीतरी त्याला हलकेच पाण्याखाली दाबत होतं आणि सोडत होतं. वैनगंगेच्या काठी पवनीला माझ्या लहानपणी आम्ही डोकं पाण्यात बुडवून घाटावरच्या बायांचं बोलणं ऐकायचो. वर आलो की शब्द, खाली गेलो की नुसता गुंग अंधार. अगदी तसंच. दुरुस्तीवाला म्हणाला होता ते मला तेव्हा समजलं. चकती फिरत होती, आणि प्रत्येक फेरीत तोच पुसलेला तुकडा पुन्हा समोर येत होता.

"मशीन झोपेत हाय का गा?" मामांनी विचारलं.

"जुनी हाय," मी म्हणालो. "श्वास घेते."

 बाबा पुढे सरकून बसले होते, कोठी सोडून.

पाऊण तास आम्ही ते पाण्यातलं नाटक ऐकलं. चहा झाला. ऊन दारातून आत येऊन तिवईच्या पायांशी पसरलं. मेलेल्या माणसांचे आवाज आले, हसले, बुडाले. मामा प्रत्येकाला ओळखून सांगत, हा आपला तो, हा तबल्यावर, ही नागपूरची बाई. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी, कुजबुजीहून थोडा मोठा, बाबांचा तरुण आवाज तेच वाक्य म्हणून जायचा. माझ्याहूनही तरुण. मी माझ्या बापाला कधी इतक्या घाईत बोलताना ऐकलं नव्हतं.

मग शेवटचा प्रवेश आला. नायकाला पोलीस न्यायला आलेत, तो आईच्या दारात उभा आहे.

"आई, हे दार आज बंद..."

आवाज बुडाला. वर आला.

"...येईन, तेव्हा माझ्या हातात कडी..."

बुडाला. तो कुणाचा आवाज होता? मी कान लावला. बाबांनी कान लावला, डोळे घट्ट मिटून. एवढ्याशा तुकड्यांत, खरखरीत, एक तरुण मोठा आवाज होता एवढंच कळत होतं.  जो साक्षीदार चाळीस वर्षं धानात जपला होता, त्याची जीभ मी दीड महिन्यात कापली होती.

"...मला गुन्हेगार म्हटलं, मी..."

बुडाला. आणि त्या शांततेत खाटेवरून आवाज आला.

"...ऐकलं. पण शेतानं म्हटलं असतं..."

मामा होते. त्यांना स्वतःला कळलं नव्हतं. नजर स्पीकरवर, ओठ हलत होते. कॅसेट वर आली, पुढचे चार शब्द बोलली, बुडाली. मामांनी पुन्हा ते खड्डे भरले. एकही शब्द न चुकता, एकही श्वास न चुकता. रस्त्यावरचे खड्डे पाठ असलेल्या माणसाने अंधारात सायकल चालवावी तसे.

बाबांनी उठून डेकचं बटन दाबलं आणि ते पुन्हा कोठीपाशी येऊन बसले. चकती थांबली. मामा थांबले नाहीत.

"...तर मात्र मी इथं उभा राहिलो नसतो. त्या मातीनं मला कधी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. नेताय तर न्या. पण दार उघडं राहू दे, आई. एवढी एक खूण राहू दे."

संपलं. मामांनी इकडे तिकडे पाहिलं, झोपेतून उठल्यासारखं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, पदर तोंडाशी.

बाबा हळू म्हणाले, "मले एक वाक्य बी पाठ नाही त्याच्यातलं. मी त पुस्तक पाहून वाचत होतो. तुमी कवा पाठ केलं?"

मामांनी कप उचलला. रिकामा होता. तरी त्यात बघत राहिले.

"दुसऱ्याच दिवशी," ते म्हणाले. "सकाळी. बांधावर उभं राहून म्हणलं. मंग रोजच. तवापासून सुटलंच नाही, भाऊजी. अजून बी कधी कधी म्हणतो. म्हटलं, पुन्हा कवा तसं नको व्हायले."

"कसं?"

"तसं." मग त्यांनी मान वर केली. "तुमीच बोलले त्या राती. मी नुसतं तोंड हालवून राहिलो होतो. डोक्यात काहीच नोतं. पांढरं फट्ट."

बाहेर रस्त्याने ट्रॅक्टर गेला.  मला वाटलं आता बाबा उठतील, छाती फुगवतील, मला हाक मारतील, गावाला हाक मारतील. चाळीस वर्षांची थकबाकी होती.

बाबांनी नुसतं अंगठ्याने कोठीचा पत्रा पुसला.

"हात मातर तुमचेच होते जी," ते म्हणाले. "मी पडद्याच्या फटीतून पाहून राहिलो होतो ना. दार धरता धरता तुमी जो हात मागे घेतला, मले पुढचं वाचताच नाही आलं. एका जागी थांबलो मी."

"थांबले? कोणत्या जागी?"

"मातीच्या जागी."

"हट्! मातीच्या जागी हात मागे कुठी घेतला? कडीच्या जागी घेतला."

"मातीच्या. मी पाहिलं म्हटलं ना."

"तुमी पुस्तक पाहत होते का माहे हात पाहत होते?"

मी तेवढ्यात कबुली द्यावी म्हणून तोंड उघडलं. चुंबक, झाकण, दीड महिना, सगळं. बाबांनी हात वर करून मला गप्प केलं.

"तू थांब. मागं घे ते कॅसेट. दाराच्या वाक्यापासून. मी कुठी थांबलो ते आयकू."

मी कॅसेट मागे घेतली. चकत्या उलट्या सरसर फिरल्या. मामा खाटेवरून उतरून बाबांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले, दोघांनी माना स्पीकरकडे वाकवल्या. मी बटन दाबलं. आवाज वर आला, बुडाला, वर आला, आणि दोन म्हातारे श्वास रोखून त्यात एक न ऐकू येणारा हात शोधू लागले.